टोर्नेडो बंगालला होतात, मग दख्खनला का होत नाहीत?

हवापाणी (धागाकर्ता)

वळवाच्या दिवसांत कुठे चार पत्रे उडाले की 'आपल्याकडेही टोर्नेडो आला' अशी चित्रफीत फिरू लागते आणि 'उष्णता वाढली, आता हे होणारच' असा निर्वाळाही तिच्याखाली कोणीतरी देऊन टाकतो. टोर्नेडो, म्हणजे गडगडाटी ढगापासून जमिनीपर्यंत पोहोचलेला वेगाने फिरणारा हवेचा स्तंभ, नुसत्या उष्णतेवर ठरत असता, तर एप्रिल-मे महिन्यांत अकोला, चंद्रपूर आणि जळगाव येथे टोर्नेडोंची रांग लागली असती. प्रत्यक्षात जागतिक हवामान संघटनेने २०१७ मध्ये हवामानामुळे झालेल्या मृत्यूंचे जे उच्चांक जाहीर केले, त्यांत टोर्नेडोचा उच्चांक बांगलादेशातील मानिकगंज जिल्ह्याच्या नावावर आहे. २६ एप्रिल १९८९ रोजी संध्याकाळी दौलतपूर आणि साटुरिया या भागांतून गेलेल्या एकाच टोर्नेडोने अंदाजे १३०० माणसांचा बळी घेतला. अमेरिकेतील सर्वांत प्राणघातक टोर्नेडोत, म्हणजे १८ मार्च १९२५ च्या आपत्तीत, ६९५ माणसे गेली होती. मानिकगंज हे कर्कवृत्ताच्या जेमतेम उत्तरेला आहे, त्यामुळे उष्ण कटिबंधाच्या या काठावर असे काय जुळून येते, हा प्रश्न साहजिकच पडतो.

माझे म्हणणे थोडक्यात असे की, उष्ण कटिबंधात उष्णता आणि बाष्प यांचा तुटवडा क्वचितच असतो. तुटवडा असतो तो उंचीनुसार बदलणाऱ्या वाऱ्याचा, ज्याला हवामानशास्त्रात शीअर म्हणतात. उंचीबरोबर वारा किती बदलेल, हे मुख्यतः उत्तर-दक्षिण तापमानातील फरकावर अवलंबून असते. विषुववृत्ताजवळ हा फरक थोडा असल्यामुळे तिथले गडगडाटी ढग उंच वाढतात, धो धो कोसळतात आणि तासाभरात स्वतःच्याच पावसाखाली विझून जातात. ढग दीर्घकाळ टिकून स्वतःभोवती फिरू लागण्यासाठी, म्हणजे तो सुपरसेल होण्यासाठी, जमीन आणि सहा किलोमीटर उंची यांमधील वाऱ्यात सेकंदाला साधारण वीस मीटर इतका फरक असावा लागतो.

जमिनीलगत वारा दक्षिणेचा व मंद असेल आणि वर तो पश्चिमेचा व जोरदार असेल, तर मधल्या हवेत आडव्या अक्षाभोवती फिरकी तयार होते; पोळपाटावर लाटणे फिरते तशी ती असते, फक्त डोळ्यांना दिसत नाही. ढगात वर चढणारा प्रवाह ही आडवी फिरकी उचलून उभी करतो आणि ढगाच्या मध्यावर काही किलोमीटर रुंदीचा फिरता स्तंभ तयार होतो, तोच मेसोसायक्लोन. इथवरचा प्रवास बऱ्याच ढगांचा होतो. ही फिरकी जमिनीपर्यंत पोहोचणे ही पुढची आणि अधिक अवघड पायरी आहे, आणि आपल्या पठाराचे घोडे माझ्या मते तिथेच अडते.

शंकेखोर

धागा आवडला, पण एक मूलभूत शंका आहे. चक्रीवादळे विषुववृत्तापासून साधारण पाच अंशांच्या आत जवळजवळ होतच नाहीत, कारण तिथे पृथ्वीच्या परिवलनाचा प्रभाव अपुरा पडतो, असे शाळेपासून वाचत आलो आहे. टोर्नेडो तिथे विरळ असतात त्याचेही कारण हेच नाही का?

हवापाणी

शंकेखोर, थेट कारण ते नाही. चक्रीवादळाचा पसारा शेकडो किलोमीटरांचा आणि आयुष्य कित्येक दिवसांचे असते, त्यामुळे पृथ्वीच्या फिरण्याचा परिणाम त्यात साठत जातो. टोर्नेडोचा व्यास काही मीटरांपासून फार तर दोन-चार किलोमीटरांपर्यंत असतो आणि आयुष्य बहुधा मिनिटांत मोजण्याइतके, तेवढ्यात पृथ्वीचे फिरणे त्याला काही देऊ शकत नाही. त्याला फिरकी मिळते ती आजूबाजूच्या वाऱ्यातून. मात्र मध्य अक्षांशांतील जोरदार पश्चिमी वारे आणि उपोष्ण जेट प्रवाह (खूप उंचावरून वाहणारा वेगवान वाऱ्याचा अरुंद पट्टा) हे पृथ्वीचे परिवलन आणि तापमानातील फरक यांमुळेच निर्माण होतात, म्हणून आडवळणाने का होईना, आपण म्हणता तो संबंध आहे.

मुक्काम_खडगपूर

नोकरीनिमित्त बरीच वर्षे पश्चिम बंगालमध्ये राहतो, त्यामुळे इथल्या बाजूने थोडे सविस्तर लिहितो. मार्च ते मे या काळातील इथल्या वादळांना कालबैसाखी म्हणतात, आसामात त्यांनाच बोर्दोईसिला म्हणतात आणि इंग्रजांनी त्यांना नॉर्वेस्टर हे नाव दिले, कारण ती वायव्येकडून येतात. झारखंडमधील छोटा नागपूरच्या पठारावर दुपारी ढग उभे राहतात आणि आग्नेयेकडे सरकत सरकत संध्याकाळी गंगेच्या खोऱ्यात पोहोचतात. दिवसभर अंगाला चिकटणारा दमट उकाडा असतो, शर्ट पाठीला चिकटलेला असतो, आणि मग वायव्येला क्षितिजावर निळसर काळी भिंत दिसू लागते. वारा क्षणभर पडतो, नंतर धुळीचा लोट येतो, तापमान काही मिनिटांत आठ-दहा अंशांनी उतरते आणि पोरे कैऱ्या वेचायला आंब्याखाली पळतात. बहुतेक वेळा एवढ्यावरच निभावते.

ज्या दिवशी निभावत नाही, त्या दिवशी हवेचे तीन थर एकावर एक बसलेले असतात. सर्वांत खाली बंगालच्या उपसागरावरून येणारी दक्षिणेची दमट हवा असते, तिची जाडी एक ते दीड किलोमीटर. तिच्यावर छोटा नागपूर आणि त्याच्या पश्चिमेच्या तापलेल्या भूभागावरून वाहत आलेली उष्ण आणि कोरडी हवा असते. पठारावर ही हवा जमिनीलगतच असते, पण बंगालच्या सखल मैदानावर येताना ती दमट हवेच्या डोक्यावर चढते आणि खालच्या बाष्पाला दुपारपर्यंत वर जाऊ देत नाही. ढग लवकर फुटले असते, तर ऊर्जा थोडी थोडी खर्च झाली असती. ती अडून राहिल्यामुळे केपचे मूल्य, म्हणजे वर चढणाऱ्या हवेला उपलब्ध असलेली ऊर्जा, प्रति किलो तीन-चार हजार ज्यूलपर्यंतही जाऊ शकते. या दोन्ही थरांच्या वर, दहा-बारा किलोमीटरवर, उपोष्ण पश्चिमी जेट प्रवाह असतो, जो एप्रिलमध्ये अजून हिमालयाच्या दक्षिणेकडेच रेंगाळत असतो. एखादा पश्चिमी विक्षोभ, म्हणजे पश्चिमेकडून येणारी कमी दाबाची प्रणाली, त्यातून सरकला की अडलेली दमट हवा वरचा थर फोडून उसळते, आणि तोवर शीअर तर तयारच असतो.

दमट आणि कोरड्या हवेमधील सीमा, जिला कोरडी रेषा म्हणतात, साधारणपणे झारखंड आणि पश्चिम बंगालच्या आसपास पडते. अमेरिकेत हीच रेषा टेक्सास आणि ओक्लाहोमाच्या पश्चिम भागात असते. तिथे उपसागराच्या जागी मेक्सिकोचे आखात आणि छोटा नागपूरच्या जागी मेक्सिको व नैर्ऋत्येकडील उंच पठारे आहेत. भूगोलाचे हे साम्य विलक्षण आहे. आमच्या जवळचेच उदाहरण सांगायचे तर २४ मार्च १९९८ रोजी मेदिनीपूरमधील दांतन आणि त्याला लागून असलेल्या ओडिशातील जलेश्वरच्या परिसरात टोर्नेडोने शंभराहून अधिक बळी घेतले. बांगलादेशात १३ मे १९९६ रोजी टांगाईल भागात शेकडो माणसे गेली. ढाक्यातील ७ एप्रिल १८८८ च्या टोर्नेडोची नोंद तर सव्वाशे वर्षांहून जुनी आहे. अवांतर: त्याच महिन्यात, ३० एप्रिल १८८८ रोजी, मुरादाबादजवळ गारांनी २४६ माणसे मारली आणि गारपिटीतील मृत्यूंचा तो उच्चांक अजूनही कायम आहे.

वैदर्भी

खडगपूरकर, फार चांगला प्रतिसाद. धागाकर्त्यांनी पठाराचे घोडे जमिनीशी अडते असे म्हटले आहे, त्याचा हिशेब मी नागपूरच्या बाजूने मांडून पाहते.

ढगाचा तळ किती उंचीवर राहील, याचा एक सोपा ठोकताळा आहे. हवेचे तापमान आणि दवबिंदू (ज्या तापमानाला हवेतील बाष्पाचे दव होऊ लागते) यांतील प्रत्येक अंश फरकामागे साधारण १२५ मीटर धरायचे. मे महिन्यातील दुपारी नागपूरला तापमान ४२ आणि दवबिंदू १२ असेल, तर फरक ३० अंशांचा, म्हणजे ढगाचा तळ पावणेचार किलोमीटरवर. एप्रिलमधल्या दमट दिवशी गंगेच्या खोऱ्यात तापमान ३४ आणि दवबिंदू २५ असेल, तर तळ सव्वाअकराशे मीटरवर. आमच्याकडे ढगातून निघालेल्या पावसाला कोरड्या हवेतून पावणेचार किलोमीटर खाली यायचे असते. वाटेत त्याचे बाष्पीभवन होते, हवा थंड आणि जड होते आणि जमिनीवर आदळून चहूकडे पसरते. हाच तो सोसाट्याचा वारा, ज्यात झाडे, विजेचे खांब आणि फलक कोसळतात. पाऊस मात्र कधी कधी जेमतेम चार थेंब पडतो.

टोर्नेडोला ही थंड हवा मारक ठरते. फिरता स्तंभ जमिनीपर्यंत यायचा, तर ढगाच्या मागच्या बाजूने खाली उतरलेली हवा पुन्हा वर खेचली गेली पाहिजे, म्हणजे ती ताणली जाऊन अरुंद होते आणि तिची फिरकी वेग घेते. हवा फार थंड असेल तर ती इतकी जड होते की वरचा प्रवाह तिला उचलूच शकत नाही, उलट तीच पुढे धावून ढगाचा दमट हवेचा पुरवठा तोडते. बंगालमध्ये ढगाचा तळ खाली आणि खालचा थर दमट असल्याने बाष्पीभवन कमी होते, त्यामुळे उतरणारी हवा तितकी थंड होत नाही.

रानवारा

वैदर्भीताई, हिशेब पटला, तरी एक आक्षेप नोंदवतो. २०१४ च्या फेब्रुवारीअखेरीस आणि मार्चमध्ये मराठवाडा, विदर्भ आणि मध्य महाराष्ट्रात सलग कित्येक दिवस जी गारपीट झाली, तिच्यात गारांचा खच पडला होता, द्राक्षबागा आणि उभा गहू झोपला होता. एवढ्या मोठ्या गारा पेलणारे ढग शीअरशिवाय कसे टिकतील? म्हणजे शीअर आपल्याकडेही येतो. मग टोर्नेडो होत नाहीत असे न म्हणता, ते शिवारात होतात आणि नोंदले जात नाहीत, असे का म्हणू नये?

हवापाणी

रानवारा, आक्षेपाचा पहिला भाग पूर्णपणे मान्य आहे. फेब्रुवारी-मार्चमध्ये पश्चिमी वाऱ्यांतील द्रोणी, म्हणजे कमी दाबाचा लांबट पट्टा, दक्षिणेकडे खोलवर उतरली की पठारावर वरचा वारा जोरदार होतो आणि मोठ्या गारांचे ढग उभे राहतात. परंतु गारांसाठी जमीन ते सहा किलोमीटर एवढ्या जाडीतील शीअर पुरतो. टोर्नेडोसाठी अगदी खालच्या एका किलोमीटरमधील शीअर आणि बाष्पही तितकेच लागते. पठारावर त्या दिवसांत खालचा वारा बहुधा मंद असतो आणि बाष्पाचा थर पातळ असतो, तर बंगालमध्ये उपसागरावरून येणारा दक्षिणेचा प्रवाह खालच्या पहिल्या किलोमीटरमध्येच जोर धरतो.

नोंदींबद्दल म्हणाल, तर दोन मिनिटांत विरून जाणारे, ज्वारीच्या चार पट्ट्या आडव्या करणारे दुबळे टोर्नेडो आपल्या नजरेतून निसटत असणार, यात मला शंका नाही. पण मानिकगंजसारखा, गावेच्या गावे पुसणारा टोर्नेडो दाट वस्तीच्या महाराष्ट्रात लपून राहणे शक्य नाही. ब्रिटिश काळापासून महसूल खाते पिकांच्या नुकसानीचे पंचनामे करत आले आहे, त्या कागदांतून तो निसटला नसता.

शंकेखोर

मग पावसाळ्यात काय होते? जूनमध्ये बाष्प भरपूर, ढगाचा तळही खाली, आणि खाली नैर्ऋत्य मोसमी वारा असताना वर पूर्वेकडून वाहणारा जेट असतो, म्हणजे शीअरही आहे. मग जुलैमध्ये टोर्नेडो का नाहीत?

मुक्काम_खडगपूर

प्रश्न नेमका आहे. पावसाळ्यात शीअर असतो, पण पूर्वेकडून वाहणारा उष्ण कटिबंधीय जेट चौदा-पंधरा किलोमीटरवर आणि भारताच्या दक्षिण भागावर असतो, त्यामुळे वाऱ्यातील मोठा बदल ढगाच्या माथ्याजवळ घडतो, जिथे त्याचा फिरकीला फारसा उपयोग नाही. दुसरे असे की, उपोष्ण पश्चिमी जेट तोवर तिबेटच्या उत्तरेला निघून गेलेला असतो. तिसरे कारण मला सर्वांत महत्त्वाचे वाटते: पावसाळ्यात हवा खालपासून वरपर्यंत दमट असल्यामुळे ती अडवून धरणारा कोरडा थरच उरत नाही. ढग सकाळपासून सुटसुटीत वाढतात, बरसतात आणि ऊर्जा साठतच नाही. मोसमी पाऊस बंगालमध्ये पोहोचला की कालबैसाखीचा हंगाम संपतो तो यामुळे.

सागरतीरी

उष्ण कटिबंधातील आणखी एक उदाहरण इथे जोडावेसे वाटते. २७ जानेवारी २०१९ च्या रात्री क्यूबाच्या हवाना शहरातून जोरदार टोर्नेडो गेला. क्यूबाच्या हवामानशास्त्रज्ञांनी त्याला टोर्नेडोची तीव्रता सांगणाऱ्या सुधारित फुजिता श्रेणीत ईएफ-४ (सर्वोच्च ईएफ-५) असे मूल्यांकन दिले. हवाना २३.१ अंशांवर, म्हणजे कर्कवृत्ताच्या आत आहे. महिना जानेवारीचा आणि वेळ रात्रीची, तेव्हा उन्हाने तापलेल्या जमिनीचा प्रश्नच नव्हता. उत्तरेकडून आलेली शीत सीमा, म्हणजे पुढे सरकणाऱ्या थंड हवेची कड, आणि तिच्याबरोबरचा जोरदार वरचा वारा कॅरिबियनच्या दमट हवेवर येऊन पोहोचला होता. धागाकर्त्यांच्या मूळ मुद्द्याला याहून चांगला दाखला मिळणार नाही, कारण इथे उष्ण कटिबंधाने फक्त बाष्प पुरवले आणि शीअर मध्य अक्षांशांकडून आला.

आणखी एक प्रकार राहून गेला आहे, तो म्हणजे चक्रीवादळाच्या बाहेरच्या पट्ट्यांत होणारे टोर्नेडो. त्याबद्दल कोणी लिहील का?

हवापाणी

सागरतीरी, हवानाच्या उदाहरणाबद्दल आभार. चक्रीवादळातील टोर्नेडोंचे गणित वेगळे असते. तिथे केप कमी असते, कारण वरची हवाही उबदार आणि दमट असते, पण खालच्या किलोमीटरमधील शीअर प्रचंड असतो. वादळ किनाऱ्याला भिडते तेव्हा जमिनीच्या घर्षणामुळे पृष्ठभागावरचा वारा मंदावतो आणि एक किलोमीटरवरचा वारा मात्र तसाच सुसाट राहतो. उत्तर गोलार्धात वादळाच्या वाटचालीच्या दिशेने पाहिले, तर पुढचा उजवा भाग यासाठी सर्वांत अनुकूल असतो. तिथल्या पर्जन्यपट्ट्यांत ठेंगणे सुपरसेल तयार होतात. ते पावसात गुरफटलेले असल्यामुळे त्यांच्याखालचा टोर्नेडो दुरून दिसतही नाही. अमेरिकेत १९६७ चे ब्यूला आणि २००४ चे इव्हान या दोन वादळांनी प्रत्येकी शंभराहून अधिक टोर्नेडो निर्माण केले.

आपल्याकडचे उदाहरण 'यास' चक्रीवादळाचे. २६ मे २०२१ रोजी ते ओडिशाच्या उत्तर किनाऱ्यावर धडकले, पण त्याच्या आदल्याच दिवशी, वादळाच्या केंद्रापासून बरेच दूर ईशान्येला, हुगळीकाठच्या चुंचुडा-बंडेल भागात आणि नदीपलीकडच्या हालिसहरमध्ये टोर्नेडो झाले आणि त्यांत जीवितहानीही झाली. चक्रीवादळाचा मार्ग नकाशावर पाहून 'आपण सुरक्षित आहोत' असे मानणाऱ्यांनी ही घटना लक्षात ठेवावी.

रानवारा

उजनीसारख्या जलाशयांवर किंवा समुद्रावर पाण्याची सोंड वर जाताना दिसते, तिचे काय?

वैदर्भी

तो जलस्तंभ. बहुतेक जलस्तंभांना सुपरसेल लागत नाही. दोन वाऱ्यांच्या मिलनरेषेवर हवेला आधीच थोडी उभी फिरकी असते, तिच्या बरोबर वर एखादा वेगाने वाढणारा ढग आला की ती ताणली जाते. वरचे वारे मंद असताना हे अधिक सहज घडते, त्यामुळे विषुववृत्ताजवळही जलस्तंभ दिसतात. सोंडेत दिसते ते बव्हंशी थंड होऊन सांद्रीभूत झालेले बाष्प असते, वर खेचलेले तलावाचे पाणी नव्हे. शेतात निरभ्र दुपारी उठणारी वावटळ ही त्याहूनही निराळी, तिला तर ढगही लागत नाही.

शंकेखोर

शेवटची शंका. वादळ होऊन गेल्यानंतर पडझड पाहून तो टोर्नेडो होता की सरळ वारा, हे कसे ओळखतात? वर्तमानपत्रे तर सरसकट 'मिनी टोर्नेडो' लिहितात. ३१ मार्च २०२४ रोजी जलपाईगुडीच्या मैनागुडीत झालेल्या वादळाबद्दलही हेच शब्द वाचले होते.

मुक्काम_खडगपूर

पडलेल्या झाडांच्या दिशा पाहाव्यात. ढगातून कोसळलेल्या थंड हवेने झाडे एकाच दिशेला किंवा एका बिंदूपासून पंख्यासारखी बाहेर पसरलेली पडतात आणि नुकसानीचा पट्टा रुंद असतो. टोर्नेडोचा पट्टा अरुंद आणि लांबट असतो, त्यात दोन्ही काठांची झाडे आत, मध्यरेषेकडे झुकून एकमेकांवर आडवी पडलेली दिसतात, आणि पट्ट्याबाहेर वीस पावलांवर केळीचे पानही फाटलेले नसते. आठ-दहा मिनिटांत सारे उरकले एवढ्यावरून काही ठरत नाही, कारण सरळ वाराही तितक्याच वेळात उरकतो. तीव्रता ठरवणे मात्र इथे कठीण जाते. फुजिता श्रेणी नुकसानीवरून ठरते आणि तिचे निकष अमेरिकी बांधकामावर बेतलेले आहेत. बांबू, माती आणि पत्र्याचे घर फार कमी वेगाच्या वाऱ्यातही भुईसपाट होते, आणि त्यापुढे वारा किती वाढला, हे सांगायला मागे काहीच उरत नाही. बांगलादेशातील जखमांपैकी पुष्कळशा उडालेल्या पन्हाळी पत्र्यांनी कापल्याच्या असतात, हेही याच संदर्भात सांगतो.

डॉप्लर रडारवर फिरकी दिसते, कारण एकमेकांना लागून असलेल्या दोन ठिपक्यांत एक वारा रडारकडे येणारा आणि दुसरा दूर जाणारा दिसतो. परंतु पृथ्वीच्या गोलाईमुळे रडारचा झोत दूर जाताना जमिनीपासून उंच उंच होत जातो. अर्ध्या अंशाच्या कोनात सोडलेला झोत शंभर किलोमीटरवर सुमारे दीड किलोमीटर आणि दोनशे किलोमीटरवर चार किलोमीटर उंचीवरून जातो, म्हणजे जिथे टोर्नेडोचा निकाल लागतो तो खालचा थर दूरच्या रडारला दिसतच नाही. आकाशात सोडलेल्या फुग्याने उंचीनुसार घेतलेल्या हवेच्या निरीक्षणांचीही तीच गत आहे. ती पहाटे आणि संध्याकाळी साडेपाचला होतात. पहाटेच्या निरीक्षणात खालची हवा थंड असते, आणि संध्याकाळच्या वेळेपर्यंत कित्येकदा वादळ जवळ येऊन ठेपलेले असते. म्हणून इथले पूर्वानुमानकार पहाटेच्या आलेखात दुपारचे तापमान आणि दवबिंदू भरून केप नव्याने काढतात, आणि त्याच्या शेजारी खालच्या एका किलोमीटरमधील दक्षिणेच्या वाऱ्याचा वेग पाहतात. दोन्ही आकडे मोठे असले, तर छोटा नागपूरवर पहिला ढग दिसताच जिल्ह्यांना पुढच्या तीन तासांचा इशारा द्यायला ते तयार असतात.